पंपवाले आप्पांचा एका खिडकीचा हौद

हिरामण आप्पा पाण्याला कान लावत. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही. नंदुरबार स्टेशनच्या पंपहाऊसमधून उंच टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपाला ते खरोखरच उजवा कान चिकटवून, डोळे मिटून उभे राहत आणि मग सांगत, "व्हॉल्व्हमा खडा शे." व्हॉल्व्ह उघडला की खडा निघे. टाकीत पाणी किती आहे हे पाहायला बाकीचे शिडी चढत. आप्पा खालून पान्याने तीन टोले मारत आणि फुटात आकडा सांगत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मुद्दाम माणूस वर पाठवला. आप्पांचा आकडा चार बोटांनी चुकला, तर ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

मी तेव्हा पार्सल ऑफिसात कारकून होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. इंजिनं कोळशाची होती आणि त्यांना पाणी पाजायचं काम आप्पांकडे. पुण्याकडून बदलून आलेला मी एकटा जीव, आणि क्वार्टर मिळालं ते नेमकं आप्पांच्या भिंतीला भिंत लागून. समोर मिरची वाळवायच्या पथारी. हंगामात नजर जाईल तिथवर लाल, आणि वारा आला की गावभर खकाणा. पहिले सहा महिने मी नुसता शिंकत होतो. पार्सल सोडवायला आलेले लोक माझ्याकडे दयेनं पाहत. पुढं सवय झाली आणि मिरचीचा वास येतो हेच मी विसरलो.

आप्पा मूर्तीनं लहान, काळेसावळे, खिशात कायम तेलकट चिंधी. चहा कुठल्या विहिरीच्या पाण्याचा आहे हे एका घोटात सांगत आणि आवडला नाही तर उरलेला पाहुण्यादेखत कुंडीत ओतत. माणूस तसा फटकळच. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पानी बठी ऱ्हायनं का सडी जास." ते पाण्यापुरतं राहत नसे. पत्ते कुटणाऱ्या रेल्वेच्या खलाशांना, पेन्शनीत निघालेल्या गार्डला, सुट्टीच्या दिवशी लोळणाऱ्या मला, सगळ्यांना त्यांनी ते कधी ना कधी सुनावलं होतं. मग जिजी आजारी पडल्या आणि आप्पांनी ते वाक्य टाकून दिलं.

जिजी म्हणजे त्यांची बायको. तापीकाठच्या भोयांची लेक. लहानपण बापाच्या होडीत गेलेलं, त्यामुळे आवाज या काठावरून त्या काठाला पोहोचेल असा. मूलबाळ नव्हतं. माझ्या पहिल्या दिवाळीत त्यांनी मला भिंतीवरूनच विचारलं होतं, "ओ बाबू, आठे ये, एकला काय खाशी?" त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जेवायला. अशी बाई एका सकाळी चुलीपुढे कलंडली. उजवं अंग गेलं. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, पाय काही आला नाही. खाट खिडकीशी लावली, आणि त्या खिडकीतून काय दिसणार? मिरची.

जिजींनी एकच गोष्ट मागितली. नदी. प्रकाशा गावाला नेऊन तापी दाखवा, एवढंच. आप्पांनी बैलगाडीत गाद्या घातल्या, मी छत्री धरून बसलो. चार मैल गेलो असू, जिजींचे डोळे फिरले, तोंडाला फेस आला. गाडी तशीच मागं फिरवली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना शाळकरी पोरांसारखं झापलं आणि सांगितलं, आता हिला या खाटेवरून हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पंपहाऊसवर मला म्हणाले, "बाबू, ती नदीवर जाई नही. मंग नदीले घर लयनी पडी."

नदी घरी आणायची म्हणे! मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

आप्पांची हळहळ ऐकून एका गार्डसाहेबांनी मुंबईहून काचेची गोल बरणी आणली. आत दोन लाल मासे, बोटाएवढे. आप्पांनी मोठ्या कौतुकानं बरणी खिडकीत ठेवली. जिजींनी मान वळवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हाऊ मासा शे? हाई ते मिरची शे मिरची!" आजारी पडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या. आम्हीही हसलो, आणि आप्पांनी त्याच संध्याकाळी बरणी स्टेशनमास्तरांच्या मुलांना देऊन टाकली. मग जिजींनी डावा हात खाटेवर लांब पसरला आणि बोटांपासून कोपरापर्यंत नजरेनं मोजून दाखवला. महाशीर. त्यांच्या गावच्या घाटावर डोहात असत ते, बंद्या रुपयाएवढ्या खवल्यांचे. घाटापुढे कोणी जाळं टाकत नसे. बायका कणकेच्या गोळ्या टाकत आणि मासे हातातून घेत.

आता हातभर मासा घरात ठेवायचा म्हणजे टाकी केवढी हवी? माझ्या अंगात इंग्रजी होतं, म्हणून मी मुंबईच्या एका दुकानाचं सूचिपत्र मागवलं. त्यात उंच, देखणी, चार पायांवर उभी असलेली काचेची पेटी होती. मला ती फार आवडली. मी चित्र दाखवलं. आप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"मासा बाजारमा कितला शे ते नको सांगू, बाबू. तो कितला व्हई ते सांग. आनि तो फिरी कोठे?"

"फिरेल की आतल्या आत."

"सरळ ते मालगाडी बी जास. फिराले जागा जोयजे."

त्यांनी सुतळी घेतली, हातभर मापली, तिची दीडपट केली आणि म्हणाले, रुंदी याच्याखाली नको. म्हणजे सव्वादोन फूट. लांबी त्याच्या पावणेतीनपट, सहा फुटांना वर थोडी. उंची मात्र दोनच फूट. का, तर पाण्याचा जोर उंचीला असतो, लांबीला नसतो. उंच पेटी दिसते छान आणि फुटते आधी. शाळेत मी हे दाबाचं गणित पाठ केलं होतं. समजलं ते त्या दिवशी, सातवीही न झालेल्या माणसाकडून.

खडूनं त्यांनी खोलीच्या फरशीवर माप आखलं. आखता आखता खाटेखाली शिरले. हौद आणि खाट दोन्ही मावेनात. जिजी वरून म्हणाल्या, "माले चुल्हाजोडे टाका, पन त्या मासाले जागा द्या!" शेवटी धान्याच्या कोठ्या माझ्या क्वार्टरात आल्या आणि मी वर्षानुवर्षं आप्पांच्या ज्वारीला उशाशी घेऊन झोपलो.

मग काचेचा प्रश्न. चारी बाजूंना जाड काच म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ. आप्पा विचार करत दोन दिवस पाइपाला कान लावून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ती एकच बाजूथीन दखी. मंग चारी बाजूले काच कसाले?" झालं. तीन बाजू विटा-सिमेंटच्या, खाटेकडची बाजू काचेची. पण क्वार्टर पडलं रेल्वेचं, आत बांधकाम करायला परवानगी हवी. अर्ज मी लिहिला. विषय: पिण्याच्या पाण्याच्या टंचाईमुळे घरगुती हौद, एका बाजूस खिडकीसह. खिडकी कशाला, असं कोणत्याही साहेबानं विचारलं नाही. अर्ज मंजूर होऊन आला, तेव्हा मी सरकारी नोकरीवर मनापासून प्रेम केलं.

काच गवतात बांधून माझ्याच पार्सल ऑफिसात उतरली. ती सहा जणांनी उचलून नेली आणि आप्पा पुढं उलटे चालत होते. पहिल्यांदा हौद भरला तेव्हा तिसऱ्या घटकेला काचेच्या खालच्या कडेनं पाणी सुटलं आणि खाटेखालून थेट अंगणात गेलं. आप्पा डोक्याला हात लावून बसले. जिजी टाळी वाजवता येत नव्हती म्हणून डाव्या हातानं मांडी थोपटत ओरडत होत्या, "पूर ऊना! पूर ऊना!" डांबर भरून पुन्हा बसवली, ती मात्र पक्की.

आता गाळणी. महाशीर वाहत्या पाण्यातला जीव. कोंडलेल्या पाण्यात तो चार दिवस काढणार नाही, हे जिजींनी बजावलं होतं. आप्पांनी हौदाशेजारी अर्धा जमिनीत पुरलेला पिंप ठेवला. तळाशी गोटे, वर कोळसा, वर वाळू, आणि थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये गोणपाट. हौदाचं पाणी नळीनं पिंपात उतरे, गाळून खाली येई, आणि तिथून हातपंपानं उंचावरच्या माठात चढवायचं. माठाला भोक. त्यातून दिवसभर बारीक धार हौदात पडत राही, खळखळ करत, हवा घेत. पंप मात्र हातानं मारावा लागे. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी दोनशे हात, संध्याकाळी आल्यावर दोनशे. आधीच आयुष्यभर रेल्वेसाठी पाणी उपसलेला हा माणूस घरी येऊन पुन्हा पंपाशी उभा राही आणि मोठ्यानं आकडे मोजी. शंभरानंतर जिजी मोजत.

जिजींच्या भावानं, रतननं, तापीतून दीड वीत लांबीचा महाशीर आणला. पाण्याच्या पिंपासकट एसटीच्या टपावर बसून आला तो. मासा हौदात सोडला. तो क्षणभर तळाशी दडला, मग धारेखाली आला, आणि खिडकीतलं ऊन त्याच्या अंगावर पडलं. पिवळं सोनं. जिजींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि पुसायला उजवा हात उठत नव्हता. आप्पांनी खिशातली ती तेलकट चिंधी काढली, तिच्याकडे पाहिलं, परत ठेवली आणि धोतराच्या सोग्यानं तिचे डोळे पुसले. त्यांनी माझ्याकडे पाहू नये म्हणून मी उगाच पिंपात डोकावत उभा राहिलो.

त्या माशाचं नाव पडलं पाव्हणा. "पाव्हना जेवना का?" हा जिजींचा दिवसातला पहिला प्रश्न असे. भिजवलेला हरभरा, कणकेची गोळी, कधी नाकतोडा. गोळी डाव्या हातानं पाण्यावर धरायची, तो वर येऊन चोखून घ्यायचा.

आणि पुढच्याच महिन्यात मी त्याला जवळजवळ मारला.

पिंपातलं गोणपाट कुजलं होतं. आप्पांनी मला सांगितलं, बाबू, एखादं चांगलं पोतं दख. माझ्याकडे पोत्यांना काय तोटा? गोदामातून एक कोरं दिसणारं रिकामं पोतं आणलं. आप्पांनी उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाला लावलं, दोनदा धुतलं आणि पिंपात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणा वेड्यासारखा भिंतींवर अंग घासत होता. उसळी मारून पाण्याबाहेर येई, पुन्हा पडे. कल्ले लालभडक. आप्पांनी धारेला कान लावला, काचेला लावला, पाणी जिभेवर घेतलं. त्यांना काही कळेना. आयुष्यात पहिल्यांदा पाणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. चेहरा इतका उतरला होता की मला तो बघवेना.

"तेना डोयास्ले झोंबी ऱ्हायनं," जिजी खाटेवरून म्हणाल्या. "तेले पापन्याच नहीत, तो डोया मिटी कसा? पोतं कोनतं शे?"

मी म्हणालो, "गोदामातलं. चांगलं होतं."

"कसानं?"

कसानं? नंदुरबारच्या गोदामातलं पोतं कशाचं असणार! आप्पा, मी, वाटेत ते पोतं हातात घेऊन पाहणारा खलाशी, तिघांपैकी एकालाही वास आला नव्हता. जन्म मिरचीत काढलेल्या माणसाच्या नाकाला तो वास उरतच नाही, आणि माझ्याही नाकाचं तोवर नंदुरबार झालं होतं. बाहेरगावचा कोणीही माणूस ते पोतं हुंगून शिंकला असता.

आप्पांनी पाव्हण्याला ओल्या फडक्यात उचललं आणि पळत पंपहाऊसच्या हौदात नेऊन सोडलं. मी स्टेशनभर ओरडत सुटलो. खलाशी, हमाल, तिकीट तपासनीस, जो दिसेल तो बादली घेऊन आला. सारा हौद उपसला, वाळू फेकली, कोळसा फेकला, विटा घासल्या. दुपारची गाडी आली तर ड्रायव्हरनं इंजिनावरून विचारलं, आग लागली का. दोन दिवस पाव्हणा पंपहाऊसात निपचित होता आणि दोन दिवस जिजी जेवल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर जायला धजत नव्हतो. तिसऱ्या दिवशी मासा हालला, त्यानं खाल्लं, आणि तो परत घरी आला. नवीन गाळणीत आप्पांनी पोत्याऐवजी स्वतःचं जुनं धोतर घातलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तुन्ही चूक नही. आठे मिरचीनं नही असं पोतं कोठे शे?" जिजींनी मात्र मला वर्षभर "मिरचीवाला बाबू" म्हणून पुरेपूर वसुली केली.

त्यानंतर चार वर्षं. पाव्हणा कोपरभर झाला, जिजींनी दाखवला होता तसा. त्या त्याला त्यांच्या गावच्या गोष्टी सांगत. कोणाचं लग्न झालं, कोणत्या होडीला नवं डांबर लागलं. रतन आला की बातम्या आधी माशाला कळत. तो काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, वळे, परत येई. सहा फूट जायचं, वळायचं, सहा फूट यायचं. आप्पांनी सोडलेली फिरायची जागा त्याला बरोबर पुरत होती. आप्पांचा मला अभिमान वाटे, खोटं कशाला सांगू.

एका थंडीत जिजी गेल्या. सकाळचा पंप चालू होता. आप्पा मोजत होते. शंभर झाले, आणि पुढचा आकडा खाटेवरून आला नाही.

दिवस झाल्यावर आप्पा मला म्हणाले, प्रकाशाला चल. मिरचीच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक शहाद्याकडे जाणार होता. पुढं ड्रायव्हरजवळ रतन, मांडीवर अस्थींचं गाडगं. मागं मी, आप्पा आणि पिंपात पाव्हणा. वीसेक मैलांच्या रस्त्यात आप्पा एका लोट्यानं पिंपातलं पाणी उचलत होते आणि वरून धार धरून परत सोडत होते. मी म्हणालो, द्या मी करतो. त्यांनी ऐकलंच नाही.

घाटावर विधी झाले. अस्थी सोडल्या. रतन ट्रकवाल्याकडे गेला. आप्पा पिंप कलता करून पाण्यात उतरले आणि पाव्हण्याला दोन्ही हातांनी सोडलं. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. मला वाटलं, सुटेल बाणासारखा. तो निघाला, आणि थोडं पुढं जाऊन वळला. परत आला. पुन्हा गेला, पुन्हा त्याच जागी वळला. समोर पार पलीकडच्या काठापर्यंत मोकळी तापी, आणि हा आमच्या हौदाएवढंच पोहत होता. सहा फूट जायचं, वळायचं, सहा फूट यायचं.

आप्पा बराच वेळ पाहत राहिले. मग कमरेइतक्या पाण्यात शिरले, तो जिथं वळत होता तिथं जाऊन उभे राहिले आणि पंजानं पाणी पुढं ढकलू लागले. "जाय पाव्हना," ते म्हणत होते. "जाय. आते भिंत नही." मासा त्यांच्या हाताशी आला, वळला, परत आला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. एकदा तो वळला नाही. आप्पांच्या बोटांवरून पुढं गेला, थबकला, आणखी पुढं गेला, आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला.

आप्पा तसेच उभे होते, माझ्याकडे पाठ करून. वर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मी हाक मारली. ते वळले नाहीत, पण बोलले, अगदी हळू, मला कसंबसं ऐकू गेलं.

"बाबू, ती बी तठे तशीच पडेल व्हई का रे? तिले कोनी सांगं व्हई का, आते उठता येस म्हनीसन?"